वयस्क माणसाला धाप लागते तेव्हा : ऑक्सिजन किती, कशातून, कुठवर?

शेवंती | सोमवार, रात्री १०.४०

मी मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स आहे. थंडी सुरू झाली की आमच्याकडे खोकला, कफ, धाप घेऊन आजी-आजोबांची रीघ लागते. घरचे लोक जे विचारतात ते प्रत्येक वेळी साधारण तेच असतं, आणि ड्यूटीवर उभ्या उभ्या उत्तर देताना चार वाक्यांच्या पुढे जाता येत नाही. म्हणून इथे सवडीने लिहितेय. मी डॉक्टर नाही. इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे : "सिस्टर, नव्वदच दाखवतंय, ऑक्सिजन वाढवा ना!" आणि वाढवला नाही की चेहऱ्यावर शंका दिसते, की हे लोक हात आखडता घेताहेत का. त्या शंकेसाठीच हा धागा.

ऑक्सिजन हे औषध आहे. त्याला डोस आहे, आणि प्रत्येक पेशंटचा डोस सारखा नसतो. रेस्पिरेटरी फेल्युअर, म्हणजे फुफ्फुसांचं काम अपुरं पडणं, ढोबळमानाने दोन प्रकारचं. एकात फक्त ऑक्सिजन कमी पडतो : न्यूमोनिया, हृदय थकल्यामुळे फुफ्फुसात साठलेलं पाणी, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गाठ. दुसऱ्यात ऑक्सिजन कमी पडतोच, वर कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता साठत जातो. सीओपीडी (बहुधा धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फार स्थूल शरीर, पाठीला मोठं कुबड, आणि आपल्याकडे पुष्कळ दिसणारं कारण म्हणजे जुन्या टीबीने आकसलेली फुफ्फुसं. पहिल्या प्रकारात बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ ते ९८ च्या दरम्यान ठेवतात. दुसऱ्या प्रकारात, किंवा तसा धोका असेल तर, ८८ ते ९२. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत २००८ पासून हेच आहे. म्हणजे सीओपीडी असलेल्या आजींचं नव्वद हे बरोबर नव्वद आहे. त्यांचं अठ्ठ्याण्णव झालं तर मी धावत जाऊन ऑक्सिजन कमी करते.

दुसरी गोष्ट, म्हातारं माणूस "मला दम लागतोय" असं सांगेलच असं नाही. ताप येईलच असंही नाही. कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा आज गोधडीचे धागे उपसत बसतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, जेवताना घास तोंडातच ठेवतात, दिवसाढवळ्या पेंगतात. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रमिष्टासारखं करताहेत. अशा वेळी पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून छाती किती वेळा वर होते ते मोजा. स्वस्थ बसलेल्या माणसाचं १२ ते २० असतं. २५ च्या वर गेलं तर दवाखाना गाठा, ३० च्या वर असेल तर १०८ ला फोन करा. बोटावरचा आकडा बराच वेळ बरा दिसतो, श्वासाचा वेग त्याच्या आधी बोलतो.

आणि हात जोडून एक विनंती. धाप लागलेला पेशंट रात्री अस्वस्थ होतो म्हणून घरातली झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी देऊ नका. ती अस्वस्थता बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्याची किंवा कार्बन साठल्याची असते. गोळीने श्वास आणखी मंदावतो. "रात्री शांत झोपले, सकाळी उठेचनात" असं सांगत आणलेले पेशंट मी पाहिलेत.

साधनांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, सकाळची ड्यूटी आहे.

---

पसरणीघाट | सोमवार, रात्री ११.५५

ताई, मी लेस्टरहून लिहितोय. आई वाईला, वय ७८. उभ्या आयुष्यात विडी-सिगारेट नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे. परवापासून साताऱ्यात ॲडमिट आहे. भाऊ व्हिडिओ कॉलवर मॉनिटर दाखवतो, ८९, ९०, ९१. नाकात ती बारीक नळी, मिनिटाला दोन लिटरवर. भाऊ चिडलाय, म्हणतो ऑक्सिजन मुद्दाम वाढवत नाहीत, आपण दुसरीकडे हलवूया. तुमचं वाचून थांबलोय. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ६.१०

दादा, हलवायची घाई नको. धाप लागलेल्या पेशंटला ॲम्ब्युलन्समधून दुसऱ्या गावी नेणं हीच मोठी जोखीम असते. चुलीच्या धुराने होणारा सीओपीडी सिगारेटवाल्यांइतकाच खरा. आपल्याकडच्या बायकांमध्ये तो फार उशिरा ओळखला जातो, कारण "विडी ओढता का?" याचं उत्तर नाही आलं की विचारणारा पुढे सरकतो.

डॉक्टरांना विचारा : आईसाठी सॅच्युरेशनचं, म्हणजे बोटावरच्या आकड्याचं, टार्गेट काय ठरवलंय? एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) केली का, त्यात पीएच (तो जितका कमी तितकं रक्त आम्ल) आणि कार्बन डायऑक्साइड किती आला? पुन्हा कधी करणार? आणि बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लागला तर तिथे सोय आहे का? टार्गेट ८८–९२ सांगितलं तर आई योग्य ठिकाणी आहे असं समजा. भावाला मॉनिटरपेक्षा आईकडे बघायला सांगा. जागी आहे का, नाव हाक मारल्यावर ओळखते का, एका दमात पूर्ण वाक्य बोलते का.

---

संत्रानगरी | मंगळवार, दुपारी २.१५

शेवंतीताई, उत्तम लिहिलंय. मी नागपूरला छातीविकारांची प्रॅक्टिस करतो. थोडी भर.

सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने कार्बन का वाढतो? पूर्वी आम्हाला शिकवायचे की या पेशंटचा मेंदू ऑक्सिजनच्या कमतरतेवरच श्वास चालवतो, ती कमतरता भरली की श्वास मंदावतो. ते थोडंफार आहे, पण मोठं कारण वेगळं. फुफ्फुसाचा जो भाग खराब असतो तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसलेल्या असतात, त्यामुळे रक्त बऱ्या भागाकडे वळतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या सैल पडतात, रक्त पुन्हा खराब भागात फिरतं, आणि तिथे हवा खेळत नसल्याने कार्बन बाहेर पडत नाही. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की तो धरून ठेवलेला कार्बन सोडून देतो. दोन्ही मिळून पेशंट गुंगीत जातो. आकडा ९९, घरचे खूश, आणि आतून रक्त आम्ल होत चाललेलं.

याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. होबार्टच्या ॲम्ब्युलन्समध्ये ४०५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा जोरदार ऑक्सिजन, दुसऱ्याला ८८–९२ वर बेतलेला. बेतून दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दवाखान्यात पोचेपर्यंतच्या त्या थोड्या वेळाने एवढा फरक पडला.

पण याचा उलटा अर्थ कुणी काढू नका. पेशंटचं ७० दाखवतंय आणि "सीओपीडी आहे, ऑक्सिजन नको" म्हणून कुणी थांबलं तर माणूस हातचा जाईल. कमी ऑक्सिजन मिनिटांत मारतो. आधी द्या, मग बेता. तसंच कार्बन वाढलाय कळल्यावर घाबरून मास्क एकदम काढून टाकणंही वाईट. ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली कोसळतो. हळूहळू उतरवत ८८–९२ ला आणायचा.

अजून एक जागा जिथे चूक होते, ती म्हणजे औषधाचा वाफारा. दवाखान्यात नेब्युलायझर भिंतीतल्या ऑक्सिजनवर ६–८ लिटरने चालवतात. सीओपीडीच्या पेशंटला तो शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावा आणि नाकातून दोन लिटर सुरू ठेवावा. ॲम्ब्युलन्समध्ये कॉम्प्रेसर नसेल तर ऑक्सिजनवरचा वाफारा सहा मिनिटांत आटोपावा.

---

शेवंती | मंगळवार, रात्री ९.३०

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. वाफाऱ्याचा मुद्दा आमच्या नव्या मुलींना रोज सांगावा लागतो.

आता साधनं. नाकातल्या नळीने, म्हणजे नेझल प्राँग्जने, १ ते ६ लिटरपर्यंत देता येतं. पेशंट बोलतो, चहा पितो. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच ठेवायचा नाही, स्वतःचाच उच्छ्वास मास्कमध्ये साठतो. पिशवीवाला मास्क १० ते १५ लिटरवर, आणि पिशवी फुगलेली राहायला हवी. श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर लगेच सिस्टरला हाक मारा. यात संकोच नको, राऊंड सुरू असला तरी हाक मारा.

सीओपीडीसाठी माझं आवडतं साधन व्हेंच्युरी मास्क. त्याच्या गळ्याशी रंगीत प्लास्टिकचा तुकडा असतो. निळा २४ टक्के ऑक्सिजन, पांढरा २८, नारिंगी ३१, पिवळा ३५, लाल ४०, हिरवा ६०. किती लिटर लावायचे ते त्या तुकड्यावरच छापलेलं असतं. पेशंट कितीही जोरात श्वास घेवो, टक्का साधारण तोच राहतो. नळीचं तसं नाही, धापा टाकणारा माणूस बाजूची हवाही ओढतो, त्यामुळे दोन लिटर म्हणजे नेमके किती टक्के ते सांगता येत नाही. लहान दवाखान्यांत व्हेंच्युरी बऱ्याचदा नसतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही काही महाग वस्तू नाही.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ११.०५

वाचतेय, आणि डोळ्यांत पाणी आहे. बाबांना (८१) बायपॅप लावलाय. ते मास्क ओढून काढतात. काल रात्री हात पलंगाला बांधले होते. मला बघवलं नाही. ही शिक्षाच वाटते त्यांना. बायपॅपला पर्याय नाही का? तो हाय फ्लो म्हणतात तो का नाही लावत?

---

शेवंती | बुधवार, दुपारी ४.२०

रानजाई, तुझं दुःख कळतंय ग. आधी बाबांना मास्क सोसवेल कसा ते सांगते, मशीनचं डॉक्टर सांगतील.

बायपॅप दाबाने हवा आत ढकलतो. पहिल्यांदा लावताना माणसाला गुदमरल्यासारखंच होतं. आम्ही पट्टे न बांधता आधी मास्क नुसता हाताने चेहऱ्याशी धरतो, दाब कमी ठेवतो, आणि कानाशी बोलत राहतो : "काका, माझ्याबरोबर घ्या, आत... सोडा." दहा-पंधरा मिनिटं अशी दिली की पुष्कळ जण शांत होतात, मग पट्टे. ही दहा-पंधरा मिनिटं रात्रपाळीत एका नर्सकडे सहा पेशंट असले की मिळत नाहीत, आणि मग हात बांधले जातात. तू जवळ बसू शकत असशील तर सिस्टरना सांग, "मी मास्क धरते." बहुतेक जणी हो म्हणतील.

बाबांना कवळी आहे का? शुद्धीत असतील आणि कवळी घट्ट बसत असेल तर ती घालूनच मास्क छान बसतो, गाल आत गेले की हवा गळते. पण डॉक्टरांना विचारून. श्रवणयंत्र आणि चष्मा घरी राहिलाय का ते बघ. ऐकू येत नाही, दिसत नाही, तोंडावर मास्क, सतत दिवे. भल्याभल्यांचा तोल जाईल. नाकाच्या दांडीवर लाल चट्टा दिसला तर आजच दाखव. तिथे पातळ पॅडिंगची पट्टी लावतात, नाहीतर दोन दिवसांत जखम. डोकं-पाठ उंच ठेवायची. तोंड सुकतं म्हणून मध्ये मास्क काढून ओठ ओले करायचे, पण सिस्टरला विचारूनच. आणि मास्क लावलेला असताना चमच्याने पेज किंवा तीर्थ अजिबात देऊ नकोस. दाबाने ते सरळ श्वासनलिकेत जातं. आजी-मावशींना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं.

---

संत्रानगरी | बुधवार, रात्री १०.५०

रानजाई, वडिलांना बायपॅप कशासाठी लावलाय त्यावर उत्तर आहे. सीओपीडी असून पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन ४५ च्या वर असेल तर बायपॅप हाच पहिला उपाय. यात व्हेंटिलेटरसाठी घशात नळी घालावी लागण्याचं प्रमाण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे १९९० च्या दशकापासून अनेकदा सिद्ध झालंय. हृदयामुळे फुफ्फुसात पाणी भरलं असेल तरी दाबाच्या मास्कने फार लवकर आराम पडतो. एक-दोन तासांनी एबीजी पुन्हा करतात. पीएच वर सरकत असेल तर मास्क नेटाने चालू ठेवायचा, बहुतेकांची सुटका दोन-तीन दिवसांत होते.

हाय फ्लो म्हणजे नाकाच्या जाड नळीतून गरम, दमट केलेली हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंत. तो मुख्यतः पहिल्या प्रकारात, न्यूमोनियासारख्या आजारात. फ्रान्स-बेल्जियममधल्या आयसीयूंत ३१० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली आला. साधा ऑक्सिजन, हाय फ्लो आणि दाबाचा मास्क असे तीन गट होते. नळी घालावी लागण्यात तिन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही, पण ९० दिवसांपर्यंतचे मृत्यू हाय फ्लोमध्ये कमी होते. वयस्कांना तो सोसतो, तोंड मोकळं राहतं, कफ काढता येतो. मात्र त्यातही धोका आहे. पेशंट आरामात दिसतो आणि नळी घालायची वेळ टळून जाते. म्हणून न्यूमोनियात आम्ही रॉक्स इंडेक्स बघतो. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं, मग श्वासाच्या वेगाने. ९२ सॅच्युरेशन, ६० टक्के ऑक्सिजन, श्वास ३० : ९२ भागिले ०.६ भागिले ३० म्हणजे ५.१. सुरू केल्यापासून २, ६, १२ तासांनी ४.८८ किंवा वर असेल तर हाय फ्लोवर निभावण्याची शक्यता चांगली. तेच ९२, तेच ६० टक्के, पण श्वास ३८ झाला तर ४.०३. आकडा ९२ च आहे, माणूस मात्र थकत चाललाय.

---

तापीकाठ | गुरुवार, सकाळी ८.३५

मी हॉस्पिटलच्या गॅस पाइपलाइनचं काम पाहतो. हाय फ्लो लहान दवाखान्यात का नसतो, याचं उत्तर मशीनच्या किमतीत कमी आणि ऑक्सिजनच्या खपात जास्त आहे. शंभर टक्क्यांवर ६० लिटर म्हणजे तासाला ३,६०० लिटर. मोठा जम्बो सिलिंडर, डी टाइप, सात घनमीटर म्हणजे ७,००० लिटर. दोन तासही पुरत नाही. ६० टक्क्यांवर ठेवला तरी मिनिटाला ३० लिटरच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन लागतो. सिलिंडर बदलायला रात्रभर दोन माणसं उभी पाहिजेत.

एप्रिल २०२१ आम्ही विसरणार नाही. नाशिकला २१ तारखेला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली, लाइनचा दाब पडला आणि २२ रुग्ण गेले. त्याच आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला गेली होती. आमच्या नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट यायच्या आधीच हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवून घेतले होते, म्हणून आम्ही तरलो. पण प्लांट बसवणं वेगळं आणि चालू ठेवणं वेगळं. फिल्टर, कॉम्प्रेसर, डिझेल आणि चालवणारा माणूस, यातलं एक नसलं तरी प्लांट म्हणजे लोखंडाची पेटी. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातला प्लांट आज चालू आहे का, हे प्रत्येकाने एकदा जाऊन विचारा भाऊ. आजारी पडायच्या आधी विचारा.

---

निवृत्त_मास्तर | गुरुवार, दुपारी १२.००

मी ७६ वर्षांचा. तंबाखू आणि विडी दोन्ही केली, आता सोडून बरीच वर्षं झाली, पण फुफ्फुसं गेली ती गेली. दोनदा बायपॅपवर राहून आलो आहे. इथे सगळे आमच्याविषयी बोलताहेत, म्हणून आमच्यापैकी एकाने बोलावं.

मास्क सहन करता येतो. भीती वाटते ती कुणी काही न सांगता गेलं की. "काका, अजून दोन तास, मग अर्धा तास काढू" एवढं कुणी म्हटलं की दोन तास काढता येतात.

माझी डॉक्टरांना आणि मुलांना स्पष्ट सूचना आहे : नाकातला ऑक्सिजन चालेल, मास्क चालेल, घशात नळी घालून व्हेंटिलेटर नको. मुलगी रागावली होती. आता समजली आहे.

---

मोरपंखी | गुरुवार, संध्याकाळी ७.४५

काका, तुमच्या निर्णयाचा आदर आहे, पण थोडं वेगळं मत मांडते. "व्हेंटिलेटरवर गेला की माणूस परत येत नाही" हे वाक्य आमच्या घरी सगळ्या नातेवाइकांनी ऐकवलं. आजीला (७४) न्यूमोनिया होता. त्याआधी ती रोज बाजारहाट करायची, स्वतःचं पेन्शन स्वतः काढून आणायची. आम्ही हो म्हटलं. नळी निघाली, नंतर बराच काळ अशक्तपणा होता, पण आज ती परसात भाजी लावते. तेव्हा नाही म्हटलं असतं तर? वयाचा आकडा बघून नकार देऊ नका, एवढंच म्हणायचंय.

---

संत्रानगरी | गुरुवार, रात्री ११.२०

मास्तर आणि मोरपंखी, तुम्ही दोघंही बरोबर आहात, आणि म्हणूनच हा प्रश्न वयावर सोडवू नये. आम्ही बघतो ते आजारापूर्वीचे दोन-तीन महिने. पेशंट घराबाहेर चालत होता का, आंघोळ स्वतः करत होता का, वजन घटत होतं का. न्यूमोनिया उतरणारा आजार आहे. आधी तगडा असलेला ८० वर्षांचा माणूस त्यातून उठतो. शेवटच्या टप्प्यातला सीओपीडी असलेला, अंथरुणाला खिळलेला ६५ वर्षांचा माणूस व्हेंटिलेटरवरून सुटणं फार अवघड.

मधला मार्गही आहे. मुदत ठरवून उपचार करायचे. आज नळी घालू, चार-पाच दिवसांनी एकत्र बसून बघू, सुधारणा नसेल तर पुढे ओढायचं नाही. सुरुवातीलाच हे बोलून ठेवलं की कुणाच्याच मनावर ओझं राहत नाही.

मास्तर, तुमची सूचना कागदावर आणा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशी आगाऊ वैद्यकीय इच्छा मान्य केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तुमच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव त्यात घाला. एक प्रत मुलीकडे, एक तुमच्या डॉक्टरकडे.

आणि नळी नको म्हणजे उपचार नको असं नाही. धाप कमी करायला मॉर्फिनचे अगदी छोटे डोस देखरेखीखाली देता येतात. छोटा पंखा चेहऱ्याकडे धरला तरी अनेकांना खरोखर बरं वाटतं. सॅच्युरेशन चांगलं असताना नुसत्या धापेसाठी लावलेला ऑक्सिजन मात्र साध्या हवेपेक्षा जास्त आराम देत नाही, हे २०१० च्या एका मोठ्या चाचणीत दिसलंय. तिथे पंखा आणि जवळ बसलेलं माणूस जास्त कामाचं.

---

रानजाई | शुक्रवार, सकाळी ९.१५

काल रात्री मी मास्क धरून बसले. घरून चष्मा आणि कानाचं मशीन मागवलं. बाबांनी विचारलं, "किती वाजले?" दोन दिवसांत पहिलं सरळ वाक्य. हात बांधले नाहीत. पीएच ७.२६ चा ७.३३ झालाय. शेवंतीताई, काय बोलू?

---

शेवंती | शुक्रवार, दुपारी ३.४०

काही बोलू नकोस, आज दुपारी झोप काढ. तू आजारी पडलीस तर मास्क कोण धरणार? रात्रीसाठी भावाला नाहीतर मावशीला तयार कर.

---

पसरणीघाट | शनिवार, रात्री १०.३०

टार्गेट विचारलं. ८८–९२ च होतं, एबीजी दोनदा झाली होती, कार्बन ५८ वरून ५१ वर आलाय. डॉक्टरांनी भावाला बसवून नीट समजावलं. भाऊ म्हणाला, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर भांडलो नसतो. आई सोमवारी घरी जाईल. घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला सांगितलंय, पाच लिटरचं. वाईला वीज जाते, त्याचं काय करायचं? आणि हे आयुष्यभर का?

---

संत्रानगरी | रविवार, सकाळी १०.१०

आयुष्यभर असेलच असं नाही. आजारपणातून उठताना ऑक्सिजन कमी असतो, पुढे पुष्कळांचा सुधारतो. दोन-तीन महिन्यांनी, प्रकृती स्थिर असताना, एबीजी पुन्हा करा. तेव्हाही धमनीतला ऑक्सिजन (एबीजीतला दाब, बोटावरचा आकडा नव्हे) ५५ किंवा खाली असेल तर कायमचा, आणि मग दिवसातून किमान १५ तास. १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांनी दाखवलंय की एवढे तास लावला तरच आयुष्य वाढतं. दम लागला की दहा मिनिटं लावायचा, याने ते होत नाही.

डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या : "सीओपीडी, कार्बन साठतो. ऑक्सिजन टार्गेट ८८–९२. नेब्युलायझर हवेवर." त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. पुढच्या वेळी १०८ आली की पहिल्यांदा तो दाखवायचा.

---

तापीकाठ | रविवार, दुपारी १.२५

विजेचं मी सांगतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे तुमचं ते ऑक्सिजनचं मशीन, साधारण ३५० वॅट खातो. घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, पण बॅटरी भराभर उतरते, म्हणून पंखे-टीव्ही त्यावरून काढा. जोडीला बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात १,५०० लिटर असतो. दोन लिटरने साडेबारा तास. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा १५० च्या आसपास म्हणजे भरलेला, ७५ वर आला की सहा तास उरले असं धरा. चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, रात्री अंधारात शोधायला लागू नये. सिलिंडर साखळीने भिंतीला अडकवा, पडला आणि वॉल्व्ह तुटला तर भिंत फोडतो. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळायला पाहिजे. जाळीचा फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा.

---

पसरणीघाट | रविवार, दुपारी ४.००

तापीकाठदादा, भावाला सगळं पाठवलं. एक शेवटचं. आईचं अंथरूण माजघरात, देवघरही तिथेच. सकाळ-संध्याकाळ दिवा-अगरबत्ती असते. आणि नळीने नाक कोरडं पडतं म्हणून वहिनी व्हॅसलीन लावते. चालेल?

---

शेवंती | रविवार, रात्री ८.५०

दोन्ही नाही चालणार दादा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेली वस्तू भडकवतो. साडीच्या पदरात, उशीत तो साठून राहतो. देव दुसऱ्या खोलीत हलवा, नाहीतर आईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणा. दिवा, गॅस, विडी यांपासून दोन-तीन मीटर तरी अंतर हवंच. अगरबत्ती तर बंदच करा, तिचा धूर आईच्या फुफ्फुसाला तसाही नको.

व्हॅसलीन तेलकट असतं, तेही नको. पाण्यावर आधारलेली जेली मेडिकलमध्ये मिळते, ती नाकाच्या कडेला बोटाने हलकीशी लावायची. कानामागे नळी घासते तिथे कापसाची पट्टी ठेवा. ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं, बाटली रोज धुवायची. दोन लिटरवर बाटलीची गरजही फारशी नसते, डॉक्टरांना विचारून बघा. आणि वहिनीला सांगा, लिटरचा काटा आईने स्वतः वाढवलेला नाही ना, हे रात्री झोपण्याआधी एकदा बघायचं. धाप लागली की पेशंटचा हात आपोआप तिकडे जातो.